नेटला लागलेली दृष्ट

तामसीच्या रस्त्याला लागून असलेल्या एका गावात चंपतराव राहतात. धंदा भाजीपाल्याचा. वांगी, दोडके, टमाटे पिकवायचे आणि सकाळच्या पहिल्या बसनं आदिलाबादच्या बाजारात पोचवायचे, हे त्यांचं चाळीस वर्षांचं काम. पण पंचक्रोशीत त्यांचं नाव आहे ते वांग्यांसाठी नाही, तर दृष्टीच्या धास्तीसाठी. चांगली गोष्ट पाहिली की माणसाला आनंद होतो. चंपतरावांना घाम फुटतो. आता हिला कोणाची तरी नजर लागणार! म्हशीच्या गळ्यात काळा दोरा, मोपेडला लिंबू-मिरची, आणि भोपळ्याच्या वेलाला तर अशी तीट की भोपळा आतून काळा निघेल की काय अशी शंका यावी. मुलगा भूषण दहावीला पहिल्या वर्गात पास झाला, तेव्हा त्यांनी गुणपत्रिकेवरच काजळाचा ठिपका दिला. कॉलेजातल्या क्लार्कनं तो खोडरबरानं घासता घासता गणिताचे गुण घासून टाकले. भूषण आज आदिलाबादला मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो, आणि इंजिनियर का झाला नाहीस असं कोणी विचारलं की नुसता बापाकडं बघतो.

भूषणची बायको मीनल घरी बसून हैदराबादच्या एका विमा कंपनीचं काम करायची. दिवसभर दवाखान्यांची कागदपत्रं तपासायची आणि फोनवर लोकांशी बोलायचं. अडचण एवढीच होती की घराच्या भिंतीला भिंत लावून पिठाची चक्की होती. मीनल बोलायला लागली की साहेबाला वाटायचं, ही बाई कापसाच्या जिनिंग कारखान्यात बसून काम करते. शेवटी चंपतरावांनी वाडीतली पाण्याच्या मोटारीची खोली रिकामी केली, चुना मारला, टेबल-खुर्ची टाकली आणि म्हणाले, "घे, हे तुहं हापिस."

हापिस झालं, पण तिथं नेट नव्हतं. विहिरीच्या कठड्यावर चढलं तरच मोबाइलला रेंजच्या दोन दांड्या यायच्या, आणि कठड्यावर बसून कोण कागद तपासणार? नेटची तार घरापर्यंतच येत होती. मग आदिलाबादहून प्रवीण नावाचा नेटवाला आला. त्यानं घराच्या गच्चीवर एक ताटाएवढी पांढरी छत्री बसवली आणि तशीच दुसरी खोलीच्या मागं लोखंडी पाइपवर. "काका, या दोघींनी एकमेकींच्या तोंडाकडं पाह्यलं पायजे," तो म्हणाला. "तोंड फिरलं का बोलणं बंद." हा प्रकार चंपतरावांना नवा नव्हता. त्यांच्या दोन्ही बहिणींचं असंच होतं.

त्या दिवशी नेट असं धावलं की विचारू नका. शेजारच्या शेतातले सुधाकरराव येऊन पाहून गेले आणि जाता जाता म्हणाले, "चंपत, असं नेट तं आदिलाबादेतल्या मोठमोठ्या हापिसात नसन!"

झालं. सुधाकररावांची नजर म्हणजे दगडालाही तडा, असं चंपतरावांचं पक्कं मत होतं. आणि या वेळी गोष्ट साधी नव्हती. सोमवारी अकरा वाजता कंपनीचा साहेब मीनलचं काम तासभर व्हिडिओवर पाहणार होता. तासभर नेट टिकलं तर तिनं कायमचं गावातून काम करावं. तुटलं तर एक तारखेपासून हैदराबादला हजर व्हावं. ती गेली म्हणजे भूषणही जाणार. दुकान काय, कुठंही टाकता येतं. आणि मीनल गेली तर चंपतरावांच्या विनोदांना हसणार कोण? त्यांच्या बायकोनं, राहीबाईंनी, लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच हसणं सोडलं होतं. मीनल मात्र एकच किस्सा पाचव्यांदा ऐकूनही पोट धरून हसायची. म्हाताऱ्याचा जीव त्या हसण्यात अडकला होता.

सुधाकररावांची पाठ फिरताच चंपतरावांनी एक जुनी चप्पल आणली आणि खोलीमागच्या छत्रीच्या दांडीला बांधली. कोणाला सांगितलं नाही, कारण तोडगा बोलून दाखवला की त्याचा गुण जातो. खोलीचं दार पुढच्या बाजूला, पाइप मागं. मीनलला दिसायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नेट लंगडायला लागलं. चंपतरावांनी मनातल्या मनात सुधाकररावांना चार शिव्या हासडल्या आणि दुसरी चप्पल बांधली. शनिवारी नेट आणखी मंदावलं. नजर जबरी दिसते म्हणून त्यांनी झिजलेला खराटा लटकवला. चपलांच्या नि खराट्याच्या वजनानं छत्री मान खाली घालत चालली होती, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. रविवारी चुन्याचे ठिपके दिलेलं मडकं पाइपवर पालथं घातलं, ते संध्याकाळच्या आत वानरांनी फोडलं. म्हणजे नजर आता मडकीही फोडायला लागली! आता न फुटणारं काहीतरी हवं, असं ठरवून सोमवारी दहा वाजता त्यांनी राहीबाईंचं पंगतीचं जर्मनचं भगोनं, म्हणजे ॲल्युमिनियमचं भलंमोठं पातेलं, पळवलं, त्याला चुन्यानं डोळे-नाक काढले आणि ते अख्खं छत्रीवर पालथं घातलं. मग निवांत मनानं दोडके तोडायला बसले.

पावणेअकराला मीनल रडवेली होऊन बाहेर आली. "मामाजी, नेट पुरंच गेलं!" ती विहिरीच्या कठड्यावर चढली आणि तिनं प्रवीणला फोन लावला. प्रवीण दूर वांकिडीकडं कामाला गेला होता. तो म्हणाला, "ताई, छत्रीसमोर काही आलं का?"

"मामाजी, समोर काही हाय का?"

"समोर काहीच नाही," चंपतराव म्हणाले. ते खोटं नव्हतं.

"मंग वर काही हाय का, विचारा," प्रवीण म्हणाला.

मीनलनं तेही विचारलं. बोलावं तर तोडग्याचा गुण जाणार, न बोलावं तर पोर जाणार. हातातला दोडका चंपतरावांनी दोनदा उलटसुलट केला.

"तुमी बोलत काऊन नाही, मामाजी?"

"भगोनं हाय," ते एवढंच म्हणाले.

मीनल मागं धावली. वर पाहिलं तर चुन्याचे डोळे वटारून भगोनं तिच्याकडं पाहत होतं, खाली दोन चपला आणि खराटा. एरवी ती हसून हसून लोळली असती. आता तिचा चेहरा पाहून चंपतरावांनाच रडू यायचं बाकी होतं. त्यांनी शिडी लावली, वर चढले, भगोनं खाली फेकलं, चपला सोडल्या, खराटा भिरकावला. छत्रीचं तोंड पार जमिनीकडं झालं होतं. ते वर उचललं तशी खालून मोबाइलकडं बघत मीनल ओरडली, "आलं! आलं!" हात सोडला तशी छत्री पुन्हा खाली झुकली. बोल्ट ढिला झाला होता, पाना भूषणच्या मोपेडच्या डिक्कीत, आणि मोपेड आदिलाबादला.

"तू आत जाऊन बस," चंपतराव म्हणाले. "मी धरून राहतो."

आणि अडुसष्ट वर्षांचा तो माणूस दोन्ही हातांनी छत्री धरून शिडीवर तासभर उभा राहिला. पहिल्या दहा मिनिटांत नाक खाजायला लागलं. ते त्यांनी पाइपला घासून घेतलं. मग धोतरात मुंगळा शिरला. त्याला ते हळूच म्हणाले, "बाबा, बारा वाजता ये." तेवढ्यात बांधावर सुधाकरराव दिसले.

"चंपत, काय करून राह्यला रे तिथं?"

"सुधाकर, पाया पडतो, इकडं पाहू नको!" चंपतराव दबक्या आवाजात ओरडले. पाहू नको म्हटल्यावर कोण पाहणार नाही? सुधाकररावांनी चक्कीवर जाऊन सांगितलं, आणि दळण टाकून बाया, तंबाखू मळत माणसं वाडीत जमली. आत परीक्षा चालू आहे हे कळल्यावर कोणी ब्र काढला नाही. सगळे खाली बसून, माना वर करून, चंपतरावांकडं टक लावून बघत राहिले.

बारा वाजून पाच मिनिटांनी दार उघडलं. मीनल बाहेर आली. "मामाजी, झालं! साहेब म्हणाले, इथूनच करा काम!"

माणसांनी टाळ्या पिटल्या. राहीबाई ओच्यातून मीठ-मोहऱ्या काढत पुढं झाल्या आणि सुनेला म्हणाल्या, "ये इकडं, दृष्ट काढतो तुही."

"माही नको, आत्याबाई," मीनल म्हणाली. "मामाजीची काढा. सारा गाव तासभर त्यांच्याकडंच पाहून राह्यला होता. आता मामाजी मले इथंच पायजेत." आणि मग ती हसली; पोट धरून, खाली बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

चंपतराव अजून वरच होते. प्रवीण येईपर्यंत छत्री सोडायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. राहीबाई शिडीजवळ गेल्या आणि मूठ ओवाळायला लागल्या. हात चंपतरावांच्या गुडघ्यापर्यंतच पुरत होता. चाळीस वर्षं म्हशीपासून मोपेडपर्यंत सगळ्यांची काळजी वाहिली त्यांनी, पण त्यांची स्वतःची दृष्ट काढायचं आजवर कोणाला सुचलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून त्यांनी तोंड घराच्या गच्चीकडं वळवलं आणि छत्री आणखी घट्ट धरली.