यादीतून खोडलेली वांगी

ताईच्या रिसेप्शनचा मेनू माझ्यामुळे ठरला. लग्न तिचं, सोयरे तिचे, आणि पानात काय पडावं, काय पडू नये हे मात्र माझ्या तोंडाकडे बघून ठरलं. हे कुणाला सांगताना मला अजून अवघडल्यासारखं होतं. म्हणून आजवर फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

आमचं घर अंथुर्ण्यात. आई, आप्पा, ताई आणि मी. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. लहानपणी मी जेवणाच्या बाबतीत घरादाराला जेरीस आणलं होतं. भाजीत कांद्याची फोड दिसली की ताट पुढे सरकवायचो. कोथिंबीर एकेक पान वेचून कडेला काढायचो. आणि वांगं तर लांबच. वांग्याचं नुसतं साल जिभेला लागलं तरी पोटातून उमळून यायचं.

आता आमच्या भागात लग्न म्हणजे वांग्याची भाजी. पुरी असो की चपाती, बुंदी असो की जिलेबी, वांगं असतंच. मी सात-आठ वर्षांचा असताना निमगाव केतकीला आमच्या नात्यात एक लग्न होतं. पंगतीत मी हात आडवा धरायच्या आत वाढप्याने एक पळी भाजी पानात टाकून दिली. शेजारचे म्हातारे म्हणाले, "खा रं, पानात टाकायचं न्हाय." मी घाबरून एक फोड तोंडात घातली आणि तिथेच भर पंगतीत उलटी केली. आजूबाजूची माणसं उठली. ताईने आपल्या नव्या ओढणीने माझं तोंड पुसलं, पान उचललं, जमीन पुसली. बोलणी तिलाच बसली. एक आत्या म्हणाली, "एवढी घोडी झाली, एक पोरगं संभाळता येत न्हाय व्हय तुला?"

त्यानंतर कुठल्याही लग्नाला जाताना ताईच्या पिशवीत एक डबा असायचा. त्यात बटाट्याची पिवळी भाजी, कांदा नाही, कोथिंबीर नाही. मांडवामागे कुठेतरी सावली बघून ती मला बसवायची. पुऱ्या मागून आणायची. माझं पोट भरलं की मगच स्वतः पंगतीला जायची. आणि तिथे ती काय खायची? वांगं. तिच्याइतकं वांग्यावर जीव असलेलं माणूस मी पाहिलेलं नाही. वाढप्याला ती तीनदा थांबवायची. घरीसुद्धा रात्रीची उरलेली वांग्याची भाजी सकाळी गार भाकरीबरोबर खायची, चुलीपुढे बसून, कुणाशी न बोलता. वाफ्यातलं वांगं नुसतं हातात घेऊन त्यात बिया कमी की जास्त ते ती सांगायची.

घरी रोज दोन भाज्या व्हायच्या. सगळ्यांची एक आणि माझी एक. आई वैतागायची. ताई म्हणायची, "ऱ्हाऊ दे गं, मी करते त्याचं."

बारावीनंतर मी बारामतीला कॉलेजला गेलो. आमच्या घरातून कॉलेजला जाणारा मी पहिला. फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात काय लिहायचं हे घरात कुणाला विचारता येत नव्हतं. हॉस्टेलवर सामान ठेवून आप्पा परत निघाले तेव्हा त्यांनी मला एवढंच विचारलं, "जेवणाचं कसं करशील?" मी म्हणालो, "बघतो."

मेसमध्ये आठवड्यातून तीनदा वांगं. पहिला महिना मी वरण-भात आणि लोणच्यावर काढला. पँट ढिली व्हायला लागली. मेसच्या मावशी वाईट नव्हत्या, पण दीडशे पोरांत कोण काय खात नाही हे त्या कुठून बघणार? एकदा प्रॅक्टिकल लांबलं. मेसवर पोचलो तर भात संपलेला, वरण संपलेलं. पातेल्यात वांग्याचा रस्सा आणि दोन चपात्या. मी भिंतीकडे बघत खाल्लं. उमळून येईल म्हणून वाट बघितली. काहीच झालं नाही. पुढच्या आठवड्यात परत खाल्लं. दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत मी वांगं मागून घ्यायला लागलो होतो. कांदा तर मी कच्चा खात होतो.

हे मी ताईला सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. शनिवारी दुपारच्या एसटीने मी फाट्यावर उतरायचो. घरात शिरलं की बटाट्याचा वास. ताई विचारायची, "मेसला काय खाल्लंस आठवडाभर?" मी म्हणायचो, "वरण-भात." ती 'अरे अरे' करायची आणि आणखी एक पळी वाढायची. बारामतीत मी हजेरीपटावरचा नुसता एक आकडा होतो. वर्गातली मुलं इंग्रजीत बोलायला लागली की मी गप्प बसायचो. आणि इथे अंथुर्ण्यात एक माणूस माझ्या एकट्यासाठी वेगळं काहीतरी शिजवत होतं. मी सगळं खातो म्हटलं असतं तर ते बंद झालं असतं. मला ते बंद व्हायला नको होतं. एवढंच कारण. दुसरं चांगलं कारण असतं तर बरं झालं असतं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना ताईचं लग्न ठरलं. मुलगा पळसदेवचा, शेती आणि जोडीला मोटार रिवाइंडिंगचं दुकान. सकाळी आमच्या दारात मोजक्या माणसांत लग्न आणि दुपारी इंदापूरच्या एका कार्यालयात रिसेप्शन, असं ठरलं. जेवणाचा खर्च आमच्याकडे. आप्पा ताईला म्हणाले, "जेवणाचं तू ठरव. तुझं लगीन हाय."

आचारी घरी आला तो रविवार होता, म्हणून मी घरी होतो. उंच, कान मोठे, वय झालेला माणूस. सगळे त्याला तात्या म्हणायचे. आप्पांनी माझ्याकडे वही दिली. "कॉलेजात शिकतोस, यादी तू लिही. तुझं अक्षर चांगलं हाय."

तात्या सांगत गेला, मी लिहीत गेलो. गहू, बेसन, साखर, तूरडाळ. मग तो म्हणाला, "वांगी. काटेरी घ्या, लहान. त्या दिवशी सकाळची तोडलेली." मी लिहिलं, वांगी.

ताई चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "वांगी नकोत तात्या. बटाटा करा."

"बटाटा?"

"पिवळी भाजी. कांदा घालू नका."

तात्याने कप खाली ठेवला. "अगं पोरी, हे लगीन हाय का सत्यनारायण? वांग्याबिगर उठंल का पंगत? पळसदेवचं पावणं माज्या नावानं ओरडतील."

"ओरडू द्या."

आप्पा म्हणाले, "दोन्ही करू की. वांगं बी, बटाटा बी."

"न्हाय आप्पा. पंगतीत वाढपी विचारत न्हायत, टाकून मोकळं हुत्यात. निमगावात काय झालं ते इसरलात व्हय? माज्या लग्नात माजा भाऊ मांडवामागं डबा घिऊन बसणार न्हाय. मी तर स्टेजवर असंन. कोण बसंल त्याच्यापशी?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "खोड ते."

तात्या मला बघून हसला. "काय रं, एवढा टोणगा झालास, अजून वांग्याला भितूस?"

वही माझ्या मांडीवर होती. पेन माझ्या हातात होतं. त्या वेळी बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं की ताई, मी खातो आता. पण आप्पा होते, आई दारात उभी होती, तात्या हसत होता, आणि ताई इतक्या जोरात माझ्या बाजूने भांडत होती की तिला खोटं पाडणं मला जमेना. मी 'वांगी' या शब्दावर रेघ मारली आणि खाली 'बटाटे' लिहिलं. तिने वहीत डोकावून बघितलं. "आता कसं," म्हणाली.

पुढच्या तीन आठवड्यांत मी बारामतीहून तिला कितीतरी फोन केले. प्रत्येक वेळी सांगायचं ठरवून. ती साड्यांचं बोलायची, मेंदीवालीचं बोलायची. एकदा मी म्हणालो, "ताई, वांगं तर तुला आवडतं. तुझ्याच लग्नात नाही?" ती म्हणाली, "मला काय, पळसदेवला रोज करीन की. तितं मला कोण आडवणार हाय?" मी म्हणालो, "बरं." आणि फोन ठेवला.

रिसेप्शनच्या दिवशी वाढायला आमच्या गल्लीतली पोरं आणि मी. भाजीची बादली माझ्याकडे आली. टेबलांच्या ओळीतून मी पुढे सरकत होतो आणि पानापानाला ऐकत होतो.

"ह्यो काय, बटाटा?"

"वांगं मागनं येतंय का?"

"न्हाय जी," मी म्हणायचो.

पळसदेवचे एक फेटेवाले आजोबा म्हणाले, "आरं, कुणाचा उपास हाय का काय?" सगळी ओळ हसली. आप्पा जवळच उभे होते. तेही हसले, आणि मग दुसरीकडे बघायला लागले. स्टेजवर ताई हिरव्या शालूत उभी होती. फोटोवाला सांगेल तशी मान वळवत होती. मधेच तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. तिने लांबूनच हाताने विचारलं, जेवलास का? मी मान हलवली, नाही म्हणून.

पंगती संपत आल्या तेव्हा मी रिकामी बादली ठेवायला कार्यालयाच्या मागे गेलो. तिथे तात्या आणि त्याची माणसं गोल करून जेवायला बसली होती. मधे एक लहान पातेलं. वांग्याची भाजी. त्यांनी स्वतःपुरती केलेली. वर लाल तेल, आत अख्खी काटेरी वांगी.

"तुला पुरी-बटाटा आणून देऊ का?" तात्या म्हणाला.

माझ्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. मी म्हणालो, "हेच द्या."

"आँ?"

"द्या तात्या. मी खातो."

त्याने वाढलं. मी खाली बसलो. एक वांगं संपलं, दुसरं घेतलं. तात्या काहीतरी थट्टा करत होता, मी हसत होतो. तेवढ्यात तो गप्प झाला. मी मान वर केली.

ताई दारात उभी होती. एका हाताने शालू उचलून धरलेला. ती नवरा-नवरीच्या पंगतीला बसायची होती, आणि मी जेवलो की नाही हे बघितल्याशिवाय बसणार नव्हती. म्हणून स्वतः मागे आली होती.

माझ्या हातात पुरी होती, पुरीत वांगं होतं. लपवायला जागा नव्हती.

तात्याला वाटलं चांगलीच बातमी आहे. तो म्हणाला, "बघ की, तुजा भाऊ! दुसऱ्यांदा घेतोय!"

ताई पुढे आली. तिने विचारलं, "कधीपास्नं?"

"हॉस्टेलला गेल्यापासून. म्हणजे थोड्या दिवसांनी."

तिने मनातल्या मनात काहीतरी मोजल्यासारखं केलं. "मंग शनवारी?"

"तू करायचीस ना," मी म्हणालो. "म्हणून."

ती खाली वाकली. बांगड्यांचा मोठा आवाज झाला. मेंदीच्या बोटांनी तिने माझ्या ताटातल्या वांग्याचा एक तुकडा तोडला आणि उभ्यानेच खाल्ला. तोंड हळू हळू चालत होतं. मग तात्याला म्हणाली, "मीठ कमी पडलंय."

"गडबडीत राहिलं गं."

आतून कुणीतरी हाक मारली, नवरीला शोधत होते. ती मला म्हणाली, "पोटभर खा." आणि गेली. तिचा चेहरा मला वाचता आला नाही. मी पुन्हा पुन्हा आठवून बघतो, तरी येत नाही. रागावली असती तर मला पाया पडता आलं असतं.

मी तसाच आत गेलो. तिच्या पानात बटाट्याची पिवळी भाजी होती. नवऱ्याने उखाणा घेऊन तिला त्याच भाजीचा घास भरवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने तो खाल्ला.

पाठवणीच्या वेळी ती आईच्या गळ्यात पडून रडली, आप्पांच्या पाया पडली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. गाडीभोवती इतकी माणसं होती की बोलणं झालंच नाही. नंतर एकदा फोनवर मी म्हणालो, "ताई, त्या वांग्याचं..." ती म्हणाली, "आता त्याचं काय घिऊन बसलास? अभ्यास कर."

दिवाळीनंतर मी पहिल्यांदा पळसदेवला गेलो. घर मोठं आहे, माणसं पुष्कळ. बाहेरच्या खोलीत पुरुषांची पानं मांडली होती. मला दाजींच्या शेजारी बसवलं. ताई आत होती. परातीत थापल्या जाणाऱ्या भाकरीचा आवाज येत होता. तो तिचाच हात, हे मला न बघता कळत होतं. तिच्या सासूबाई वाढायला आल्या आणि पळी माझ्या ताटावर धरून थांबल्या. आत तोंड करून विचारलं, "गं, तुजा भाऊ कांदा-खोबरं घातलेली आमटी खातो का? का दुसरं काय करायचं त्याला?"

मी ताटाकडे बघत राहिलो. काय उत्तर येतं ते ऐकायला मी जेवढा थांबलो, तेवढा कुठल्या परीक्षेच्या निकालासाठीही थांबलो नसेन.

"वाढा की आत्या," ताई आतून सासूबाईंना म्हणाली. आवाज रोजचाच होता, त्यात राग नव्हता, काहीच नव्हतं. तिला अजून आठ-दहा भाकरी टाकायच्या होत्या. "त्याला सगळं चालतं."

त्यांनी वाढलं. आमटी चांगली झाली होती. दाजींनी आग्रह केला तेव्हा मी अजून थोडी घेतली.