खंडेनवमीचा कीस

आमचं अक्कलकोट रोडचं वर्कशॉप बाबांनी यंत्रमागांचे सुटे भाग कातत उभं केलं. आता ते मी चालवते आणि विमानाला लागणारे छोटे ब्रॅकेट कापून देते. धातू ॲल्युमिनियमच, पण त्यात लिथियम मिसळलेलं. म्हणून वजनाला हलका आणि ताकदीला पुरून उरणारा. बाबांनी पहिला तुकडा हातात तोलून पाहिला. "लई हलकं हाय की गं. ह्याच्यावर इमान उडतंय व्हय?" मी हसले. समजावून सांगायचं राहून गेलं. राहून कसलं जातंय, मला कंटाळा आला.

कापताना निघणारा या धातूचा कीस साध्या किसात मिसळायचा नाही, वेगळ्या ड्रममध्ये भरून काम देणाऱ्या कंपनीला परत करायचा. वितळवताना त्याला जरा ओलावा लागला, तर भट्टीतून उसळून अंगावर येतो. हे मी प्रत्येक कामगाराला बसवून सांगितलं. बाबांना सोडून. त्यांना काय करायचंय, म्हटलं.

बाबांचा एक रिवाज आहे. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की गोणीभर कीस जुन्या दोस्ताला, धातू वितळवून भांडी-मूर्ती ओतणाऱ्या ओतारीकाकांना, द्यायचा. दसऱ्याला काका त्याच किसानं भट्टी लावतात. गेल्या खंडेनवमीला बाबांनी गोणी भरली ती माझ्या ड्रममधून. का, तर तो कीस स्वच्छ होता, चकाकत होता. सणाचं द्यायचं तर चांगलं द्यावं. वर हळदकुंकू वाहिलं, नारळाचं पाणी शिंपडलं.

दसऱ्याला सकाळी ड्रमचं झाकण उघडं दिसलं, आत गोणीभर कीस कमी होता. काका फोन उचलेनात. स्कूटर काढली. पोचले तर भट्टी लाल झालेली, गोणीचं तोंड सोडलेलं, दारात सोनं द्यायला आलेली माणसं. बाबाही तिथंच, हातात आपट्याची पानं घेऊन.

"थांबा काका, टाकू नका ते!" मी ओरडले. "बाबांना यातलं काही कळत नाही."

पहिलं वाक्य पुरेसं होतं. दुसऱ्याची काही गरज नव्हती. पण माझी जीभ, तिला कोण आवरणार.

काका मला लाडानं अम्मा म्हणतात. म्हणाले, "असू दे अम्मा, देवानं वाचवलं." दिलेली गोणी बाबांनी स्वतः खांद्यावर घेतली आणि रिक्षात नेऊन ठेवली. सणाला दिलेलं परत घेताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

नंतर मी त्यांना सगळं समजावलं, माफीही मागितली. "बरोबर हाय की तुजं. माणूस गेला असता," ते म्हणाले. पण तेव्हापासून ते वर्कशॉपमध्ये पाहुण्यासारखे येतात. साधा पाना उचलायचा तरी आधी माझ्याकडं बघतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

यंदा काकांची गोणी मी मुद्दाम भरली नाही. बाबांच्याच हातानं होऊ दे, म्हटलं. पूजा झाली. बाबा रिकामी गोणी घेऊन ड्रमांपाशी गेले, बराच वेळ उभे राहिले. मग परत आले आणि गोणी माझ्यापुढं धरली.

"तूच भर बाई. मला न्हाय कळत त्यातलं."