मामांना दिसलेली दुसरी मामी

आमचे मामा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. सांख्यापासून वेदान्तापर्यंत सहाही दर्शनं तोंडपाठ, पण जीव जडलेला अद्वैतावर. वर्गात कधी चार मुलं असत, कधी दोन. मामा म्हणायचे, "शेवटी एकच उरतं म्हटल्यावर हजेरीचं काय घेऊन बसायचं?"

निवृत्तीला वर्ष उरलं असताना एका सकाळी त्यांना सगळं दोन-दोन दिसू लागलं. दोन नळ, दोन दारं, दोन मामी. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांचे वडील मेंदूतल्या गाठीने गेले होते, आणि सुरुवात अशीच झाली होती. तीन दिवस मामा भिंतीला धरून चालले. चौथ्या दिवशी त्यांनी चहा कपाशेजारी ओतला, तेव्हा मामीने हातातलं भांडं काढून घेतलं.

"खरं सांगा, काय होतंय?"

"तू मला दोन दिसतेस."

"एकीचं ऐकत नाही, दुसरी कशाला हवी?" मामी म्हणाली खरी, पण लगेच गॅस बंद करून तिने चपला घातल्या. तिने मला बोलावून घेतलं आणि आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं.

डोक्याचा स्कॅन झाला. रिपोर्टची वाट पाहत बाकावर बसलेले मामा हळूच म्हणाले, "डोळा बिघडलेल्याला दोन चंद्र दिसतात, हे उदाहरण मी तीस वर्षं दिलं. चंद्र एकच आहे हे कळलं की भ्रम संपला, असं सांगून पान उलटायचो. आता ही एकच आहे हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी दुसरी जात नाही रे."

मामीने त्यांचा हात धरला. "नसेल जात तर राहू दे. दोघी मिळून घरी नेऊ तुम्हाला."

रिपोर्ट स्वच्छ निघाला. वाढलेल्या साखरेने डोळा फिरवणारी एक नस दुखावली होती. "दोन-तीन महिन्यांत बरं होईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मामांनी ते तीनदा वदवून घेतलं आणि चारचौघांत रुमालाने डोळे पुसले.

एका डोळ्यावर पट्टी लावून ते वर्गात गेले. कळणं आणि दिसणं यांत किती अंतर असतं, हे आपल्यालाही आत्ताच समजलं, असं त्यांनी मुलांना सरळ सांगून टाकलं.

दहाव्या आठवड्यात पट्टी बदलताना त्यांची नजर खिडकीकडे गेली. दोन्ही उघड्या डोळ्यांनी त्यांनी गज मोजले. आठ. पुन्हा मोजले, आठच. त्यांनी हाक मारली तशी मामी हात पुसत आली. मामा नुसते तिच्याकडे बघत राहिले. तिला कळलं. ती खुर्चीत टेकली आणि स्वतःशीच म्हणाली, "सुटले बाई."

त्या दुपारी दोघं इतकी गाढ झोपली, की माझा फोन चारदा वाजूनही कुणी उचलला नाही.