हात नुसता ठेव

शेलूबाजारला माझ्या खोलीखाली विहिरीच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आहे. तो बोलतो तेही चालू मोटारीच्या आवाजावर ओरडून. गिऱ्हाईक येवो की सासरा, तपासायला लावलेली मोटार तो कुणासाठी बंद करत नाही. तिच्यावर तळहात ठेवून डोळे मिटतो आणि बेअरिंग गेलंय का ते सांगतो.

आठवड्यानं मला लग्नाच्या ऑर्केस्ट्रात पहिल्यांदा इलेक्ट्रिक गिटार वाजवायची होती आणि पाम म्यूटिंग जमत नव्हतं. तळहाताची कड ब्रिजपाशी, तारा अडकवलेल्या पट्टीजवळ, तारांवर टेकवली की आवाज दबका पण ठसठशीत यायला हवा. माझा एक तर मरायचा, नाहीतर मोकाट सुटायचा.

एका दुपारी तो वैतागून वर आला.

"काहून दाबून राह्यला बे?"

मला खाली नेऊन त्यानं माझा हात चालू मोटारीवर ठेवला.

"दाब. समजून राह्यलं काही?"

"नाही, भाऊ."

"आता नुसता ठेव."

थरथर कोपरापर्यंत चढली.

मी धावत वर आलो, हात तसाच तारांवर ठेवला. ढग्-ढग्-ढग्-ढग्! जाड, दबका, एकसारखा. किती वेळ वाजवलं कोण जाणे. थांबलो, तर खाली चिडीचूप.

त्यानं मोटार बंद केली होती.