सगुणाने भरलेली बाटली

वेसाव्याच्या सगुणाला कुणापुढे मान खाली घालायची सवय नाही. बाजारात उगाच भाव पाडून मागणाऱ्याला ती मासळीच्या पाटीला हातसुद्धा लावू देत नाही. आणि शेजारणीची वाटी असो की पाहुण्यांचा डबा, तिच्या घरातून परक्याचं भांडं कधी रिकामं परत गेलेलं नाही.

घोळ झाला तो त्यामुळेच. मुलुंडची नमिता समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा, प्लवकांचा अभ्यास करत होती. कुठले प्लवक कुठल्या प्रवाहाबरोबर येतात, हे ती त्यांच्या डीएनएवरून शोधायची. त्यासाठी सगुणाच्या नवऱ्याकडे, धर्माकडे, ती जागांची नावं लिहिलेल्या बाटल्या द्यायची आणि तो बोटीवरून त्या भरून आणायचा. एकदा वारा उठला आणि शेवटच्या, खोल समुद्रातल्या जागेपर्यंत बोट गेलीच नाही. ती बाटली रिकामी घरी आली. सगुणाने ती खाडीच्या धक्क्यावरच्या पाण्याने गळ्यापर्यंत भरली आणि बाकीच्यांसोबत देऊन टाकली.

तपासणीत खोल समुद्राच्या बाटलीत खाडीचे जीव निघाले. नमिताचे मार्गदर्शक सुबोध सर कडाडले, बोटवाल्यांवर भरवसा ठेवलास ना, आता वर्षभराचे सगळे नमुने फेकून दे.

नमिता रडवेली होऊन सांगायला आली. ती बाटली आपणच भरली होती हे सगुणाच्या ध्यानात आलं, पण ‘बोटवाल्यांवर’ हे ऐकून ती पेटलीच. तशीच, मासळीच्या वासासकट, अंधेरीच्या प्रयोगशाळेत जाऊन उभी राहिली.

“ती एक बाटली मी भरली. बाकीच्या माझ्या नवऱ्याने भरल्यात, पोरीने सांगितलं तिथूनच. त्या फेकायच्या नाहीत.”

“पुरावा काय?” सरांनी विचारलं.

“ते तुम्ही बघा. मशीन तुमच्याकडे आहे, माझ्याकडे फक्त कोयती आहे.”

नमिताने धक्क्याचं पाणी आणून ताडून पाहिलं. ते जुळलं त्या एकाच बाटलीशी. बाकीच्यांत दुरून वाहत आलेल्या प्लवकांची निराळीच कुळं होती. नमिताचं वर्ष वाचलं.

सरांनी निरोप धाडला, यापुढे रिकामी बाटली रिकामीच पाठवा. पुढच्या खेपेला पुन्हा एक बाटली रिकामी परतली. सगुणाने ती तशीच ठेवली, पण पिशवीत सुक्या जवळ्याचा डबा घातला.

“तुझ्या सरांना सांग, नमिता, माझ्या घरातून रिकामं काही जात नाही. जाणारही नाही.”

आठवड्याने डबा परत आला. सगुणाने झाकण उघडून पाहिलं. आत सरांच्या घरचे बेसनाचे लाडू होते.

“शिकतायत हळूहळू,” ती म्हणाली आणि डबा धर्मापुढे सरकवला.