मुरादखानांचा हाल

सलीमने मला फसवलं. त्याचे वडील मुरादखान बलोच अमरावतीच्या दवाखान्यात होते आणि मी अकोल्याहून रोज फोन करत होतो. "अब्बा आराम करून राहिले, काका," एवढंच तो सांगायचा. शेवटचे काही फोन झाले तेव्हा तर मुरादखानांना बाळापुरात माती देऊन झाली होती. मला ते कळलं बडनेऱ्याच्या एका घोडेवाल्याकडून.

मी लग्नाच्या घोड्या भाड्याने देतो. धंदा एका लंगड्या घोडीवर उभा केला आणि तिच्यानंतरची प्रत्येक घोडी मुरादखानांकडून घासाघीस करून घेतली. पहिल्या भेटीत त्यांनी मला अंगणातल्या बाजेवर बसवलं नि म्हणाले, "शेठ, हाल द्या." मला वाटलं, गिऱ्हाईक नरम करायची युक्ती. मी भडकलो. "खानसाहेब, भाव सांगा. मले गाडी पकडाची हाये." ते हसले. "भाव काय पयून जाते काय? पयले हाल." मग समजावलं... त्यांचे पूर्वज मकरानच्या उजाड बलोच मुलखातून घोडे विकत विकत इकडे आले. तिकडे वाटसरू आला की त्याने बसून सगळं सांगायचं. कोणत्या विहिरीला पाणी आहे, कुठे भांडण पेटलं, कोण गेलं. ऐकणारा त्याच भरवशावर उद्या निघणार. खोटा हाल म्हणजे त्याला कोरड्या विहिरीवर धाडणं. चहा, सौदा, सगळं त्यानंतर.

घरात बलोची येणारे ते एकटेच उरले होते. "आता घोड्यायशीच बोलतो," म्हणायचे, "तेबी तुमच्याकडे आले का वऱ्हाडी होऊन जातात!" भावावरून आम्ही तोंडावर भांडलो, महिना-महिना बोललो नाही, त्यांच्या पांढऱ्या घोडीचा सौदा तर शेवटपर्यंत अडूनच राहिला, पण हाल कुणी खोटा दिला नाही. माझी आई गेली तेव्हा त्याच बाजेवर बसून मी तिच्या शेवटच्या दिवसाचा सगळा हाल दिला. तो संपल्यावरच त्यांनी चहा मागवला.

बातमी कळताच बाळापूर गाठलं. का लपवलं, विचारलं. सलीम म्हणाला, "काका, तुमी आले असते तं मातीतबी पांढऱ्या घोडीचा भाव केला असता." बाज तिथेच होती. त्याने बसा म्हटलं नाही. उभ्या उभ्याच चहा हातात दिला... हालाच्या आधी चहा, त्या अंगणात! मी तो प्यायलो नाही.

सलीम, घोडी तुझ्याकडेच राहू दे. त्या बाजेवर माझ्यासमोर बस आणि सांग. शेवटी जवळ कोण होतं, पाणी कुणी पाजलं, ते काय बोलले, आणि बलोचीत बोलले असतील तर कुणाला कळलं का. बापाचा हाल दे. खरा दे.