उजव्या हाताची कडा

उचकीचं काम एका वाक्यात सांगायचं तर ती बापाचे हात कापत होती. सकाळी नऊला बसायची, मनगटापासून सुरुवात करायची, आणि ज्याचे हात तो बाप पलीकडच्या खोलीत, म्हणजे स्वतःच्या शिलाईच्या दुकानात, निवांत चहा पीत असायचा. ऐकणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकला की मग ती पुढचं सांगायची: हात चित्रातले, कात्री कॉम्प्युटरमधली.

शहरातल्या इस्पितळांत, पोस्टात आणि बसच्या थांब्यांवर नवे पडदे लागणार होते. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याशी पडद्यावरचे हलते हात बोलणार होते: 'थांबा', 'मदत', 'कुठे दुखतंय?', 'पुन्हा सांगा'. असे चाळीस शब्द. इस्पितळाचा पडदा निळा, पोस्टाचा पिवळा, म्हणून हातांच्या मागे काहीच नको होतं. नुसते हात, कुठल्याही रंगावर ठेवावेत असे. एका शब्दाची चोवीस चित्रं. प्रत्येकातून हात बोटाबोटाने सोडवायचा, मागचं सगळं पुसायचं आणि मग चोवीस चित्रं एकामागून एक पळवायची. एखाद्या चित्रात कात्री केसभर जरी चुकली, तरी पळवताना हाताची कडा थरथरते. आणि कडा थरथरली की काम परत येतं.

बाबाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. त्याचे हात म्हणजेच त्याची जीभ, आणि ती जीभ चांगली लांब होती. गिऱ्हाइकांच्या पोटाच्या घेराबद्दल तो त्यांच्यासमोरच हातांनी काहीबाही बोलायचा आणि आई हसू दाबून "ते म्हणतायत, शर्ट छान बसेल" असं सांगायची. खुणांमध्ये अहो-जाहो नसतं, त्यामुळे या घरात बापाला सगळेच अरे-तुरे करत. लेक तान्ही असताना तिचं रडणं त्याला ऐकू येत नसे, म्हणून तो तिच्या पाठीवर तळवा ठेवून निजायचा. तळव्याला कळायच्या त्या तिच्या उचक्या. तेव्हापासून तिच्या नावाची त्याची खूण ठरली: दोन बोटं स्वतःच्या छातीवर, दोनदा टकटक. मग आईही तिला उचकी म्हणू लागली. कागदोपत्री तिला चांगलं लांबलचक नाव आहे, ते फक्त अर्ज भरताना उपयोगी पडतं.

चाळीस शब्दांसाठी हात हवेत म्हटल्यावर बाबा एका पायावर तयार झाला. आई म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण! आता महिनाभर आरशापुढून हलायचे नाहीत." बाबाने मागे टांगायला हिरवा पडदा स्वतः शिवला, सुरकुती राहू नये म्हणून दोनदा इस्त्री केली, आणि कॅमेऱ्यासमोर असा उभा राहिला की जणू त्याचाच सत्कार आहे.

काही नाही असं दाखवायला कॉम्प्युटर करड्या-पांढऱ्या चौकड्या दाखवतो. त्या पाहून बाबाने विचारलं, "हे चौकड्यांचं हलकं कापड कोणी आणलं?"

एवढ्यावर थांबला असता तर तो बाबा कसला! यादीतला शब्द झाला की तो म्हणायचा, "आणखी एक घे." मग यादीबाहेरचं काहीतरी करायचा. 'सावकाश जेव.' 'दार लाव.' 'उशीर का झाला?' 'हे कापड आटतं, सांगून ठेवतो.' उचकी वैतागायची, पण बापाशी वाद घालण्यापेक्षा बटण दाबणं सोपं होतं. असे सतरा तुकडे जमले. ते तिने वेगळ्या फोल्डरमध्ये टाकले आणि त्याला नाव दिलं 'बाबाचं भलतंच'.

काम ऑफिसला दिलं, आणि सोमवारी परत आलं. ऑफिसच्या मॅडम फोनवर गोड बोलल्या. गोड बोलल्या म्हणूनच उचकी सावध झाली. "सगळं छान आहे गं. पण कडा थरथरतेय. आधीच्या कामात असं नव्हतं झालं. शुक्रवारपर्यंत नीट करून दे, नाहीतर मला दुसऱ्या कुणाला तरी सांगावं लागेल."

तिने पुन्हा कापलं. थरथर तशीच. पुन्हा कापलं, चित्र इतकं मोठं करून की एकेक नख पडदाभर दिसावं. थरथर तशीच. कॅमेऱ्याला दोष द्यावा तर मॅडम म्हणणार, नाचता येईना अंगण वाकडं. तिला स्वतःच्याच हाताची शंका यायला लागली. बोटं ताणून उजेडात धरली, कागदावर सरळ रेघ ओढून पाहिली. रेघ सरळ आली, आणि त्याने तिची भीती उलट वाढलीच.

मंगळवारी दुपारी 'थांबा' हा शब्द पळत होता. त्यात दोन्ही तळवे समोर येतात. उचकी पाहत होती, आणि एकदम तिच्या लक्षात आलं की डावा तळवा शांत आहे. कात्री तीच, कापणारी तीच, चित्रं तीच. तिच्या कापण्यात खोट असती तर दोन्ही कडा थरथरल्या असत्या. थरथरत होती फक्त उजवी.

तिने न कापलेलं मूळ चित्रण उघडलं. हिरव्या पडद्यासमोर उभा बाबा ऐटीत होता, नजर त्याच्या चेहऱ्यावरच जायची. चेहरा, शर्ट, पडदा, सगळं पुसून तिनेच तर नुसता हात उरवला होता. आता या मूळ चित्रणातही ती फक्त उजवा हातच पाहू लागली. हात थरथरत होता. कडा अगदी बरोबर कापली होती.

मग मागचं सगळं आठवू लागलं. बाबा हल्ली कप दोन्ही हातांनी धरायचा. घरात डाव्याच हाताने बोलायचा, उजवा खिशात. ती पाणी प्यायच्या निमित्ताने आईकडे गेली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा काजं-बटणं करत नाही का हल्ली?"

"माझ्याकडेच असतात. कंटाळा येतो म्हणे साहेबांना. सुईत दोरासुद्धा मीच ओवते. म्हातारपणाचे नखरे, दुसरं काय!" आई हसली. उचकीला हसू आलं नाही.

बोलावं तर ते खरं होणार, न बोलावं तर शुक्रवार येणार. ती भित्री होती, हे कबूल करायला हवं. तिने भित्र्या माणसाचा उपाय केला. बाबाच्या शांत डाव्या हाताची चित्रं आरशात दिसावीत तशी उलटी केली आणि उजव्याच्या जागी बसवली. बुधवारी संध्याकाळपर्यंत अकरा शब्द झाले. कडा धारेसारखी स्वच्छ. कुणाला कळणार नव्हतं, बाबाचा आजार पडद्यावरून गेला होता, आणि ती पडद्याकडे बघून थोडा वेळ तो खरंच गेल्यासारखा श्वास घेत होती.

खोलीतला दिवा दोनदा लागला-विझला. बाबाची आत येण्याची ही पद्धत. पडदा झाकायला तिला वेळ मिळाला नाही.

पडद्यावर 'मदत' चालू होतं. बाबा वाकून पाहत राहिला. मग त्याने आपला डावा हात पडद्याच्या शेजारी धरला. "हा माझा डावा आहे."

"नाही, उजवा आहे," उचकी म्हणाली.

बाबाने अंगठा पुढे केला. नख मधोमध दुभंगलेलं. वीस वर्षांपूर्वी मशीनची सुई त्यातून आरपार गेली होती. पडद्यावरच्या 'उजव्या' अंगठ्याचं नखही तसंच दुभंगलेलं होतं. उचकीने केसाएवढ्या चुका शोधत तीन दिवस घालवले होते, आणि रोज पाहिलेलं नख तिला दिसलंच नव्हतं.

"शिंप्याला उलटं कापड ओळखू येत नाही असं वाटलं?" बाबाने विचारलं. मग उजवा हात खिशातून काढून टेबलावर ठेवला. खाली मशीन चालू असल्यावर टेबल थरथरावं, तसा तो थरथरत होता. मशीन बंद होतं.

"तुला कधी कळलं?" त्याने डाव्या हाताने विचारलं.

"काल. तुला?"

"गेल्या हिवाळ्यात. एका कोटाची कॉलर चुकली. मी गिऱ्हाइकाला म्हटलं, कापडच कमी होतं."

"मग सांगितलं का नाहीस?" तिच्या खुणा रागाने मोठ्या झाल्या, टेबलावरचा पेला हलला. "आईला नाही, मला नाही!"

बाबाने उजव्या हाताकडे पाहिलं. "कशाने सांगू? ज्याने सांगायचं, तोच बिघडलाय."

बाबाच पुढे म्हणाला, "आणि सांगितलं असतं तर तू कॅमेरा बंद केला असतास. यादीतले चाळीस तुझ्या ऑफिसचे. बाकीचे सतरा तुझे आहेत. माझी बोटं माझं ऐकतायत तोवर घेऊन ठेवायचे होते."

उचकी रडली. बाबाने थोडा वेळ तिला रडू दिलं आणि मग डाव्या हाताने तिच्या डोक्यावर टपली मारली. "आता ही लबाडी पूस. बहिऱ्यांत डावरे नसतात का? डाव्याने करतो सगळं, दोन तळव्यांचं 'थांबा'सुद्धा. सरळ सरळ डाव्याने."

गुरुवारी हिरवा पडदा पुन्हा टांगला. बाबा एकेक खूण डाव्या हाताने करताना लहान मुलासारखा चुकत होता, आणि 'औषध' तीनदा चुकल्यावर उचकीने त्याला चक्क दम दिला. आईला सगळं सांगून झालं होतं. ती दाराशी उभी होती. हातात सुईदोरा होता आणि ती काहीच शिवत नव्हती. तिने सोमवारची डॉक्टरांची वेळ घेतली होती. डॉक्टर काय नाव सांगतील याचा तिघेही विचार करत होते आणि तिघेही फक्त 'औषध'बद्दल बोलत होते.

शुक्रवारी दुपारी मॅडमचा फोन आला. "कडा अगदी स्वच्छ. काय केलंस गं?"

"हात बदलला," उचकी म्हणाली.

फोन ठेवून तिने 'बाबाचं भलतंच' उघडलं. सतरावा तुकडा तिने आजवर पाहिलाच नव्हता. तेव्हा चित्रण चालू ठेवून ती दार उघडायला गेली होती. त्यात बाबाने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, उजवा हात वर घेतला आणि दोन बोटं छातीवर टेकवली. तिचं नाव.

तिने चोवीस चित्रं कापली. थरथर काढून टाकू का, असं कॉम्प्युटरने विचारलं. तिने नाही म्हटलं. मागचा पडदा पुसला, शर्ट पुसला, चेहरा पुसताना मात्र बराच वेळ थांबली. मग चित्रं पळवली. नावाच्या टकटकी दोन असायला हव्या होत्या. तिने मोजल्या, सात झाल्या, लहानपणी तिला उचक्या खरोखर लागायच्या तशा, एकीत एक अडकलेल्या.

शेवटचं चित्र संपलं की पहिलं पुन्हा सुरू होतं. तिनेच तसं केलं होतं. हाताने तिला हाक मारली. पुन्हा मारली. बंद करेपर्यंत तो मारतच राहणार होता, आणि सोमवार अजून तीन दिवसांवर होता, आणि तिचा हात बंद करायच्या बटणाकडे जाईना.